मदत हवी आहे: व्हॉल्व्ह ॲम्प की मॉडेलिंग? बजेट ३५ हजार, मुक्काम बडोदे

सहावीतार

नमस्कार मंडळी. गिटारसाठी ॲम्प घ्यायचा आहे आणि दोन पर्यायांत गाडी अडली आहे. गिटार दोन हंबकरची (जाड आवाजाचे दुहेरी पिकअप), वाजवणं ब्लूज आणि जुनं रॉक.

एक पर्याय बॉस कटाना ५० मार्क टू, हा मॉडेलिंग, म्हणजे चिपच्या मदतीने व्हॉल्व्हच्या आवाजाची नक्कल करणारा. दुसरा असा की मामा दिवाळीत न्यू जर्सीहून येताहेत, तिकडे एक सेकंडहँड फेंडर ब्लूज ज्युनियर, म्हणजे काचेच्या नळ्यांचा व्हॉल्व्ह ॲम्प, मिळतोय आणि तो घेऊन येतो म्हणाले. दोन्ही ३५ हजारांत बसतात.

घर दांडिया बाजारात, जुनी इमारत, शेजाऱ्यांची भिंत आमचीच भिंत. रियाज रात्री नऊनंतरच होतो. वर्षाकाठी तीन-चार कार्यक्रम, त्यातला मुख्य गणपतीतला, ड्रमसेट असतो. ज्याला विचारावं तो म्हणतो, व्हॉल्व्हला तोड नाही. तरीही रात्रीच्या रियाजाचं काय, हे कोणी सांगत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

बायसवाला

तोड नाही हे खरं, पण कोणत्या आवाजाला, ते आधी ठरवा.

व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये विकृती (डिस्टॉर्शन, आवाजाचं फाटणं) दोन ठिकाणी तयार होते. पहिली प्रीॲम्पच्या, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या, १२एएक्स७ या छोट्या व्हॉल्व्हमध्ये, ती मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) खाली ठेवूनही मिळते. दुसरी पॉवर व्हॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये, आणि लोक ज्याचं कौतुक करतात ती बहुतेक हीच. जोरात वाजवलं की सप्लायचा व्होल्टेज किंचित खाली बसतो, सूर दबून पुन्हा फुलतो. ही गंमत ॲम्प मर्यादेपर्यंत ढकलल्याशिवाय येत नाही.

आता हिशोब पाहा. गिटारच्या १२ इंची स्पीकरची संवेदनशीलता साधारण ९७ ते १०० डेसिबल असते, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर एवढा आवाज. वॅट दहापट कमी केले की १० डेसिबल कमी होतात. म्हणून ०.१ वॅटलाही ८७ ते ९० डेसिबल उरतात. ब्लूज ज्युनियर १५ वॅटचा आहे. तुमच्या भिंतीपलीकडचे लोक पोलीस बोलावतील.

मास्टर दोनवर ठेवून तो वाजेल, पण मग ऐकू येतो फक्त प्रीॲम्प, आणि नेमकी तीच गोष्ट मॉडेलिंगवाले सगळ्यात चांगली करतात. कटानात पॉवरचं बटण ०.५, २५ आणि ५० वॅट असं आहे, शिवाय विकृतीचा पोत मास्टरवर अवलंबून नाही. हेडफोनच्या आउटपुटला स्पीकर कॅबिनेटचं सिम्युलेशनही आहे. रात्रीच्या रियाजापुरता प्रश्न इथेच संपतो.

मंडपसाउंड

कार्यक्रमाबद्दल. १५ आणि ५० वॅटमधला फरक कागदावर ५ डेसिबलच. व्हॉल्व्ह मर्यादेपलीकडे गेला तरी कानाला गोड लागतो, ट्रान्झिस्टरचा पॉवर ॲम्प क्लिप झाला, म्हणजे मर्यादेपलीकडे गेला, की करकरतो, म्हणून मॉडेलिंगला वॅट जास्त लागतात. ड्रमसोबत स्वच्छ टोन हवा असेल तर १५ वॅट कमी पडतील, क्रंच (किंचित फाटलेला टोन) हवा असेल तर पुरतील. मोठ्या मंडपात दोन्हींना माइक लागणारच.

कटाना घेतला तर एक चूक हमखास होते. रात्री कमी आवाजात कानाला बास आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, म्हणून माणूस दोन्ही वाढवून सेटिंग साठवतो. तेच सेटिंग मंडपात लावलं की बास गडगडतो, वरचे सूर टोचतात आणि गिटार ड्रममध्ये हरवते. कार्यक्रमाचं सेटिंग कार्यक्रमाच्याच आवाजात बनवा, दुपारी मंडळाच्या हॉलमध्ये अर्धा तास मिळाला तरी पुरे. सुरुवात अशी करा (नॉबची खूण घड्याळाच्या काट्यासारखी धरा): क्रंच, गेन (विकृतीचं प्रमाण) घरच्यापेक्षा एक चतुर्थांश कमी, बास १० वाजता, मिडल १ वाजता, ट्रेबल १२ वाजता, रिव्हर्ब जवळपास बंद. मंडपाचा स्वतःचा घुमारा असतोच.

रेकॉर्डिंग आउटमधून थेट मिक्सरला दिलंत तर मिक्सरवर ८० ते १०० हर्ट्झखालचं कापा.

तांब्याचीतार

दोघांनीही खरा खड्डा सोडला. अमेरिकेतला ॲम्प १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० च्या सॉकेटला थेट लावलात तर नशीब चांगलं असेल तर फ्यूज उडेल. नसेल तर आतलं एचटी (व्हॉल्व्हना लागणारा उच्च व्होल्टेज) दुप्पट होऊन फिल्टर कपॅसिटर फुटतील.

मामांना ॲम्पच्या मागच्या पट्टीचा फोटो पाठवायला सांगा. नुसतं १२० व्ही, ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर स्टेपडाउन (२३० चे १२० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर) लागणार. तो घेताना तीन गोष्टी पाहा. पट्टीवरच्या वॅटच्या किमान दीडपट क्षमता हवी. प्रायमरी आणि सेकंडरी वेगळ्या असलेला आयसोलेशन प्रकार हवा, बाजारातले स्वस्त बहुतेक ऑटोट्रान्सफॉर्मर असतात. आणि अर्थची पिन इनपुटपासून आउटपुटपर्यंत जोडलेली हवी. दोन पिनांचा आउटपुट असेल तर ॲम्पची चॅसी (धातूचा सांगाडा) अधांतरी राहते आणि तुमच्या गिटारच्या तारा त्याच चॅसीला जोडलेल्या असतात. माइकला ओठ लागला की झटका.

५० हर्ट्झवर पॉवर ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापतो, तेही ध्यानात असू द्या. आतला ट्रान्सफॉर्मर बदलून २३० चा बसवता येतो, पण पार्ट मागवणं, ड्यूटी आणि मजुरी धरली की ३५ हजारांचं गणित कोलमडतं.

सहावीतार

फोटो आला. १२० व्ही, ६० हर्ट्झ, एवढंच लिहिलंय. म्हणजे स्टेपडाउन आलाच. तरी समजा घ्यायचाच ठरवला, तर मामांनी तिथे काय तपासावं? त्यांना गिटारमधलं काही कळत नाही, पण माणूस मेकॅनिकल इंजिनियर आहे.

बायसवाला

मग त्यांना जमेल. ब्लूज ज्युनियरमध्ये पाच व्हॉल्व्ह: तीन १२एएक्स७ आणि दोन ईएल८४, हे पॉवर व्हॉल्व्ह.

ॲम्प चालू करून मिनिटभर थांबायचं. गिटार न लावता मास्टर अर्ध्यावर. प्रत्येक १२एएक्स७ वर पेन्सिलीच्या रबराने हलकी टिचकी मारायची. पहिल्या व्हॉल्व्हचा थोडासा टक आवाज चालतो, पण घंटेसारखा घुमला किंवा शीळ घातली तर तो मायक्रोफोनिक झालाय. हा स्वस्तातला दोष, तेवढ्यासाठी सौदा मोडू नये. मग खोलीत अंधार करून ईएल८४ पाहायचे. मधला फिलामेंट नारिंगी दिसणारच, पण बाहेरची करडी प्लेट लाल झाली तर बायस (व्हॉल्व्हमधून शांत असताना किती प्रवाह जावा ते ठरवणारी जुळणी) किंवा कपलिंग कपॅसिटर गेलाय, तो ॲम्प घेऊ नये.

या मॉडेलमध्ये बायस फिक्स्ड आहे आणि फिरवायला पॉट (छोटा नॉब) दिलेला नाही, कारखान्यातूनच जरा गरम चालतो. ईएल८४ ची प्लेटमर्यादा १२ वॅट. ७० टक्के धरले तर ८.४ वॅट, म्हणजे प्लेटवर ३२० व्होल्ट असताना एका व्हॉल्व्हमागे सुमारे २६ मिलिॲम्पियर. मोजमापात ३५ च्या वर दिसलं तर व्हॉल्व्ह लवकर संपतील, एक रेझिस्टर बदलून ते खाली आणता येतं.

पुढे ॲम्प बंद करून, प्लग काढून, मग फ्यूज काढून त्याचं रेटिंग मागच्या पट्टीशी जुळतं का बघायचं. मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद सापडला तर मालकाने दोष झाकलाय. आणि ॲम्प बंदच ठेवून, स्पीकरची पिन काढून मल्टिमीटरवर रोध मोजायचा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो. पिन परत लावल्याशिवाय ॲम्प चालू करू नये. लोड नसताना वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तोच त्यातला महागडा भाग.

चॅसी मात्र उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट राहू शकतात.

विमानात आणताना पाचही व्हॉल्व्ह काढून, सॉकेटचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून, हातातल्या बॅगेत.

मंडपसाउंड

आणि बडोद्यात तो ॲक्टिव्हावर पायात ठेवून न्यायचा नाही. १४ किलोचा आहे. कार्यक्रम संपल्यावर दहा मिनिटं गार होऊ द्या, मग उचला. गरम असताना बसलेला धक्का व्हॉल्व्हला सोसत नाही.

मंडपात जनरेटर असेल तर लावण्याआधी सॉकेट मोजा. २२० ते २४० सोडून काही दिसलं तर वाट पाहा. थ्री-फेजमध्ये न्यूट्रल सुटला की एका फेजवर ३०० च्या पुढेही जातं. तेव्हा व्हॉल्व्ह काय नि मॉडेलिंग काय, दोन्ही मरतात. फरक दुरुस्तीत. व्हॉल्व्ह ॲम्प रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिराला कळतो, पार्ट सुटे मिळतात. मॉडेलिंगचा मुख्य बोर्ड गेला की अख्खा बोर्ड बदलतात, आणि मॉडेल बंद झालं असेल तर तोही मिळत नाही.

रिव्हर्बटँक

मधला मार्ग कुणी काढला नाही म्हणून लिहितो. ऑरेंज मायक्रो टेररमध्ये एक १२एएक्स७ प्रीॲम्पला आणि मागे ट्रान्झिस्टरचा २० वॅटचा पॉवर ॲम्प आहे. वजन किलोभर. वेगळा कॅबिनेट मात्र घ्यावा लागेल.

बायसवाला

चांगला आहे, पण आत व्हॉल्व्ह चमकतो म्हणून घेऊ नये. पॉवर ॲम्पचं दबणं-फुलणं त्यातही नाही. ज्याला एकच टोन, तीन नॉब आणि मेन्यू नको, त्याच्यासाठी तो. सहावीतारांना रात्री हेडफोन आणि गणपतीत वेगवेगळ्या गाण्यांना वेगळे इफेक्ट लागणार. माझं मत कटानाला. उरलेल्या पैशांत चांगला फूटस्विच घ्या.

सहावीतार

कटानाकडेच झुकलोय, मामांना तसं कळवतो. जाता जाता एक: तांब्याचीतार यांचं वाचून घरचा सॉकेट मोजला. फेज-न्यूट्रल २३४, फेज-अर्थ १९१, न्यूट्रल-अर्थ ३८. हे ठीक आहे का?

तांब्याचीतार

नाही. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. ३८ म्हणजे तुमचा अर्थ बहुधा कुठेतरी तुटलेला आहे, जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकात कित्येकदा वायरच नसते. या सॉकेटवर कटानाही घुंई घुंई करेल आणि तारांना हात लावला की आवाज बदलेल. ५० हर्ट्झचा जाड हम आला तर दोष अर्थिंगचा. १०० हर्ट्झचा, जरा करकरीत असेल तर तो फिल्टर कपॅसिटरचा, ॲम्पच्या आतला.

वायरमनला बोलावून मीटरपासून सॉकेटपर्यंत अर्थची वायर आहे का आणि खाली अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलाय का, ते तपासून घ्या. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून देतात. मीटरवर शून्य दिसतं आणि सगळे खूश. तसं करू देऊ नका. मागे कुठे न्यूट्रल तुटला तर गिटारच्या तारांवर सरळ २३० व्होल्ट येतात. ते काम होईपर्यंत ॲम्पचं खोकं उघडलंत तरी प्लग लावू नका.