शाळेचं मासिक पत्रक गोंडी-मराठीत काढायचं आहे: लिपी, खर्च, छपाई?

पाटीखडू:
रामटेक तालुका, देवलापारच्या पट्ट्यातली जिल्हा परिषद शाळा. पहिली ते पाचवी, पट 47, घरं 34, बहुतेक गोंड. शाळा व्यवस्थापन समितीत ठरलं की दर महिन्याला घरोघरी एक पत्रक द्यायचं. त्यात सभेची तारीख, सुट्ट्या, कागदपत्रांच्या सूचना आणि मुलांचं थोडं लिखाण असेल. गोंडी हवीच, असं पालकांचं म्हणणं आहे. लिपी कोणती घ्यावी? शुद्धलेखन कुणाचं धरावं? खर्च कशातून दाखवावा? पेसाचा (आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींसाठीचा कायदा) निधी मागा असं एकाने सुचवलंय.

मोहफूल:
पेसा आधी डोक्यातून काढा. तो 5 टक्के अबंध निधी (म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला) अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना मिळतो. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, अमरावतीचे भाग त्यात आहेत, नागपूर जिल्हा नाही. अर्ज कराल तर नुसता कागद फिरत राहील. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातून करा. 31 ते 100 पटाला वर्षाला 25,000 रुपयांपर्यंत असतं, त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेला. समितीच्या सभेत ठराव घ्या, झेरॉक्सची पावती शाळेच्या नावाने घ्या, झालं.

लिपीचं म्हणाल तर देवनागरी. मसराम गोंडी लिपी मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी 1918 मध्ये बालाघाटकडे तयार केली. गुंजाळा गोंडी आदिलाबादच्या गुंजाळा गावातल्या हस्तलिखितांतून पुढे आली. दोन्ही लिपी युनिकोडमध्ये (संगणक-फोनवरच्या अक्षरांची प्रमाण यादी) आहेत (2017 आणि 2018), पण बऱ्याच फोनवर अक्षरांऐवजी नुसते चौकोन दिसतात. शिवाय पहिलीचं पोर एक लिपी शिकता शिकताच घामाघूम होतं. अभिमानाचा मुद्दा खरा आहे, तर पत्रकाचं नाव तेवढं गोंडी लिपीत ठेवा, तेही चित्र म्हणून चिकटवा, म्हणजे फॉन्ट नसला तरी बिघडणार नाही.

आणि एक. मुलं गोंडी बोलतात हे आधी तपासलं का? जनरल रजिस्टरमधल्या मातृभाषेच्या रकान्यावर जाऊ नका, तिथे पुष्कळदा सरसकट मराठी लिहिलेलं असतं. आपल्याकडे काही घरांत आजी-आजोबा गोंडी बोलतात, आईबाप समजतात आणि पोरं मराठी-हिंदीची खिचडी बोलतात. पाणी, झाड, कुत्रा, कोंबडी, विस्तव अशी दहा चित्रं दाखवा, एकेका मुलाला वेगळं बसवून. पाणी दाखवल्यावर ‘एर’ आपसूक आलं तर घरात भाषा चालू आहे. समजतं पण बोलता येत नाही अशी मुलं जास्त निघाली तर गोंडीचा भाग छोटा ठेवा आणि आजीला विचारून आणायच्या शब्दांचा खेळ द्या.

उंदीरंड:
शुद्धलेखनाबद्दल. दुसऱ्या जिल्ह्यातलं छापील साहित्य जसंच्या तसं उचलू नका. घराला कुठे ‘रोन’ म्हणतात, कुठे ‘लोन’. तुमच्या गावात जे तोंडात आहे तेच छापा. गावातल्या दोन वयस्क माणसांचं, त्यात एक बाई असू द्या, बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, देवनागरीत उतरवा आणि तिसऱ्याच माणसाला वाचायला द्या. तो जिथे अडखळेल तिथे तुमचं लेखन चुकलंय. एक वही करा, चाळीस-पन्नास शब्द, प्रत्येकाचं एकच लेखन. नाहीतर ऑगस्टात एक आणि ऑक्टोबरात दुसरं, असं होतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डावीकडे मराठी, उजवीकडे तेच गोंडीत. असं छापलं की कुणी गोंडी वाचत नाही, नजर मराठीवरच जाते. सूचना मराठीत असू द्या (‘उपस्थिती भत्ता’ला गोंडी शब्द घडवत बसू नका) आणि त्या सभेत गोंडीतून वाचून सांगा. गोष्ट, कोडं, जंगलातल्या भाज्या हा मजकूर फक्त गोंडीत.

मुलांच्या मराठी लिखाणात ‘ती’ आणि ‘ते’ यांची सरमिसळ दिसली तर लाल पेन लगेच काढू नका. गोंडीत पुरुष एका बाजूला आणि बायका, जनावरं, वस्तू सगळं दुसऱ्या बाजूला, अशी दोनच गटांची व्यवस्था आहे. मराठीची तीन लिंगं तिथेच नडतात.

छापखाना:
ए-फोर कागद आडवा, मधोमध घडी, चार पानं. बाहेरच्या बाजूला डावीकडे पान 4, उजवीकडे पान 1. आतल्या बाजूला 2 आणि 3. दोन्ही बाजूंनी छापताना कागद लहान कडेवर उलटवा, नाहीतर आतली पानं उलटी येतात. चारही बाजूंनी एक सेंटिमीटर मोकळं सोडा, झेरॉक्समध्ये कडेची अक्षरं कापली जातात. मुलांचा मजकूर 16 पॉइंट.

पेन्सिलीची चित्रं झेरॉक्समध्ये उठत नाहीत, वरून काळ्या पेनाने गिरवून घ्या. फोटोत चेहरे काळे ठिक्कर होतात, आणि तसेही मुलांचे फोटो नाव-वर्गासकट देऊ नयेत. शिष्यवृत्तीची यादी तर मुळीच नाही.

34 घरं, अंगणवाडी, ग्रामपंचायत, भिंत, फाइल, दोन जादा: 40 प्रती. एका बाजूला दीड रुपया धरला तरी महिन्याला 120 रुपये. भिंतीवरची प्रत पिनांनी फळ्यावर लावा. खळीने चिकटवू नका, पावसाळ्यात तिला बुरशी येते, आणि ती येऊ नये म्हणून खळीत मोरचूद घालायची सवय असेल तर लहान मुलांच्या शाळेत ती सोडा, ते विष आहे.

मोहफूल:
पहिला अंक पोळ्याच्या आधी काढा. भाताचं रोवणं चालू असताना घरी दिवसा कुणी सापडत नाही, सभा दिवेलागणीनंतरच. मे महिन्यात तेंदूपत्ता, तेव्हा अंकच नको.

पाचवीच्या पालकांसाठी जातप्रमाणपत्राची चौकट टाका, ती लोक जपून ठेवतात. अनुसूचित जमातीला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा लागतो: आजोबा-पणजोबांचा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा किंवा कोतवाल बुकातली (गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी वही) नोंद. नक्कल मागताना गावाचं जुनं नाव आणि नावातला फरक (आजोबा कागदावर वेगळ्याच नावाने असतात) अर्जातच लिहायला सांगा.

पाटीखडू:
पेसा बाद, देवनागरी पक्की. दहा चित्रं सोमवारी दाखवतो. पानांचे आकडे गोंडीत टाकले तर?

उंदीरंड:
टाका. उंदी, रंड, मुंद, नालुंग. छापण्याआधी एकदा आजीकडून ऐकून घ्या.