मोबाइलवरील शब्दखेळ गृहपाठात असावेत का?

शिक्षिका (मराठी माध्यम, इंग्रजी विषय) :
राज्यात २००० सालापासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जात असले, तरी आठवीत येणारी कितीतरी मुले साधा उतारा वाचताना शब्दाशब्दाला अडतात. शब्दार्थ पाठ करायचा त्यांना कंटाळा येतो. मात्र वर्तुळातली पाच-सहा अक्षरे बोटाने जोडून शब्द तयार करण्याचा मोबाइलवरचा खेळ तीच मुले आवडीने खेळतात. हा खेळ रोज दहा मिनिटे गृहपाठ म्हणून द्यावा, असे माझे मत आहे. त्याने स्पेलिंग डोळ्यांखालून जाते, उत्तर बरोबर की चूक हे तिथल्या तिथे कळते आणि चुकले तरी चारचौघांत हसे होत नाही.

पालक :
बाई, आपल्या हेतूविषयी शंका नाही. पण मोबाइलने शब्द स्वीकारला म्हणजे तो मुलाला आला, असे होत नाही. माझा मुलगा खेळत असताना मी शेजारी बसून पाहिले आहे. तो अक्षरांवरून वाटेल तसे बोट फिरवतो, एखादा शब्द लागला की नाणी जमा होतात आणि पुढचा टप्पा उघडतो. आत्ता जुळवलेल्या शब्दाचा अर्थ विचारला, तर त्याला उच्चारसुद्धा सांगता येत नाही. मूळचे न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी फ्रेंच बोलता येत नसताना, निव्वळ शब्द पाठ करून २०१५ मध्ये स्क्रॅबल या पटावर अक्षरे जुळवून शब्द करण्याच्या खेळाचे फ्रेंच भाषेतील जागतिक विजेतेपद पटकावले. पराक्रम मोठाच, पण आपल्याला मुलांना हेच शिकवायचे आहे का? शिवाय मधूनमधून येणाऱ्या जाहिराती धरल्या, तर ती दहा मिनिटे कधीच दहा राहत नाहीत.

शिक्षक (मराठी विषय) :
रिचर्ड्स यांची स्मरणशक्ती विलक्षण आहे. त्यांच्यावरून आठवीच्या मुलाविषयी निष्कर्ष काढणे मला पटत नाही. आक्षेप घ्यायचाच तर तो खेळाच्या रचनेवर घ्यावा. जोश वॉर्डल यांनी २०२१ मध्ये खुला केलेला ‘वर्डल’ हा लपवलेला शब्द ओळखण्याचा खेळ पाहा : पाच अक्षरांचा शब्द, सहा प्रयत्न आणि दिवसाला एकच कोडे. तिथे नुसते बोट फिरवून भागत नाही, कारण प्रत्येक प्रयत्न खरा शब्दच असावा लागतो आणि कोणते अक्षर बरोबर, कोणते चूक हे सांगणाऱ्या चौकोनांच्या रंगांच्या खुणा पाहून पुढचा शब्द आठवावा लागतो. हीच रीत मराठीत आणली, तर मात्रा आणि वेलांट्यांकडे मुलांचे आपोआप लक्ष जाते. उत्तर ‘सूत’ असताना कोणी ‘सुत’ लिहिले, तर पहिला चौकोन चुकीचा ठरतो आणि दोन्ही शब्दांचे अर्थ वर्गात निघतात. यासाठी मोबाइलही लागत नाही. फळा आणि रंगीत खडू पुरतात.

शिक्षिका :
अर्थ खेळातून कळत नाही, हे उघडच आहे. वर्ग त्यासाठीच असतो. खेळात भेटलेले तीन शब्द वहीत उतरवून प्रत्येकाचे एक वाक्य करून आणायचे, अशी अट घातली की नुसत्या बोट फिरवण्याला आळा बसेल. मात्र फळ्यावरच्या डावात नेहमीचीच चार मुले बोलतात. मागच्या बाकावरचे मूल एकटे असतानाच धीर करते, म्हणून मला मोबाइल हवा आहे.

पालक :
त्या मागच्या बाकावरच्या मुलाच्या घरी बहुधा एकच मोबाइल असतो आणि तो वडिलांबरोबर सकाळी कामावर जातो. रात्री नऊला तो हाती आल्यावर मुलाने आधी खेळावे की वाक्ये लिहावीत? वर्गात फळ्यावर खेळ घ्या, त्याला माझी हरकत नाही. गृहपाठाला मात्र आहे.