यंदा काय लिहिणार, कुठं पाठवणार?

डिसेंबर सरत आला. “या वर्षी पुस्तक काढायचंच” हे वाक्य मी सलग चार डिसेंबर म्हटलंय. मी अंबाजोगाईचा. संतकवी दासोपंतांनी लांबलचक कापडावर ‘पासोडी’ लिहिली त्या गावात राहून माझी कादंबरी अकराव्या पानावर थांबलेली आहे, याची मला खरंच बोच लागते. म्हणून यंदा ‘कादंबरी’ हा शब्दच वहीत लिहिला नाही. लिहिलंय ते एवढंच: ३१ मार्चपर्यंत ४० पानं, कशीही. तुम्ही मागच्या वर्षी काय ठरवलं, कुठं अडलं, आता काय ठरवताय, ते आकड्यांसकट सांगा, असं विचारलं. आलेली उत्तरं अशी:

सेनगाव, शिक्षिका
मागच्या जानेवारीत ‘रोज एक पान’ ठरवलं आणि ९ तारखेला खंड पडला. मग शनिवार धरला. त्या दिवशी शाळा सकाळची असते. पोरं गेली की बारा ते दोन वर्गातच बसायचं, घरी जायचं नाही. घरी गेलं की संपलं. वर्षात सहा कथा झाल्या. त्यातली एक सप्टेंबरात दिवाळी अंकाला पाठवली, तेव्हा कळलं की अंक कधीच छपाईला गेला. बहुतेक संपादक जून-जुलैतच साहित्य मागवतात. शिवाय मी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं, तिकडं नुसती चिन्हं उमटली. आता सगळं युनिकोडमध्ये. यंदा दोन कथा ३० जूनच्या आत जाणार.

कळंब, शेतकरी
१ जानेवारीला माझं काही सुरू होत नाही. तूर खळ्यावर, हरभऱ्याला पाणी, अन् लाईट रात्रीची. आमच्याकडं सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं. दोन वर्षं झाली, मीबी माझ्या लिखाणाचं साल पाडव्यालाच धरायलोय. पाडवा ते मृग, एवढेच माझे दिवस. बाकीच्या महिन्यांत मोटारीपाशी बसल्या बसल्या मोबाईलवर बोलून ठेवतो. मागच्या हिवाळ्यातलं तसलं बोलणं उन्हाळ्यात उतरवलं तर १४ कविता निघाल्या. ज्याला रोज जमत नाही त्यानं खचू नये भाऊ, आपला हंगाम कोणता ते आधी बघावं.

नांदेड
माझा अनुभव कडू आहे, पण नव्यांनी वाचावा. एका प्रकाशकाला पैसे देऊन संग्रह काढला. ८० पानं, म्हणजे सोळा पानी पाच फॉर्म, प्रती ३००. त्यातल्या दोनशेवर पलंगाखालच्या ट्रंकेत आहेत. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे घेतले. तो क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो आणि लेखक स्वतःही मागू शकतो, हे मला नंतर समजलं. छापणं आणि वाचकापर्यंत पोचवणं ही दोन कामं आहेत, आणि दुसऱ्याबद्दल मी करारात एक ओळही मागितली नव्हती. यंदा पुस्तक नाही. दहा कविता नियतकालिकांना पाठवायच्या. छापून येणं माझ्या हातात नाही, पाठवणं आहे. आलेला नकार तारीख घालून वहीत चिकटवणार.

परळी, एसटीतून निवृत्त
२०० पानी वही. मुक्कामी गाड्यांच्या आठवणी. ४७ पानं झाली. छापायचं अजून मनात नाही, नातीला वाचता यावं एवढं सुवाच्य लिहायलोय.

गेवराई तालुका, एम. ए.ची विद्यार्थिनी
मला आईच्या ओव्या लिहून काढायच्यात. आई-अण्णा दसरा झाला की ऊसतोडीला जातात, ते थेट उन्हाळ्यात येतात. म्हणून एप्रिल ते जून हेच माझे महिने. मागच्या उन्हाळ्यात ६४ झाल्या. आईला ‘सांग’ म्हटलं की आठवत नाही, पण जातं फिरवायला बसवलं की एकीमागून एक येतात, मग मी शेजारी वही घेऊन बसते. शब्द ‘सुधारायचे’ नाहीत, हे पहिल्याच दिवशी ठरवलं. ध्येय १०० चं. परवा रात्री अकराला तिचा कोपीवरून, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीवरून, फोन आला. म्हणाली, “दोन नव्या आठवल्यात, लिहून घे, सकाळी गाडी भरायचीय, मग इसरंल मी.” ६६ झाल्या.