हिवाळ्यात मुलांना घेऊन सायकलवरून एका मुक्कामाची सहल : कोल्हापुरातून कोणत्या बाजूला जावे?

राजारामपुरीकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. जानेवारीतला एखादा शनिवार-रविवार धरून आम्ही दोन कुटुंबे सायकलवरून एका मुक्कामाची सहल करण्याच्या विचारात आहोत. चार मोठी माणसे, चौदा वर्षांची एक मुलगी आणि दहा-अकरा वर्षांची दोन मुले असे आम्ही सगळे आहोत. माझ्या सासूबाई सायकल चालवणार नाहीत, परंतु तंबूत एक रात्र काढायची त्यांची मनापासून इच्छा आहे. त्यामुळे त्या आणि सगळे सामान लहान टेम्पोतून मागाहून येईल. मोठ्यांच्या सायकलींना गिअर आहेत, मुलांच्या सायकली साध्या आहेत. रविवारी सकाळी रंकाळ्यावरून कळंबा तलावापर्यंत जाऊन येण्याची सवय सर्वांना आहे, मात्र रात्रीच्या मुक्कामाला आम्ही सायकलवरून कधी गेलेलो नाही.

आम्हाला कोठेही वेळेत पोहोचण्याची घाई नाही. वाटेत एखादे गुऱ्हाळ लागले तर थांबावे, झाडाखाली बसून भाकरी खावी, रात्री मुलांना शहराच्या दिव्यांपासून दूर आकाश पाहता यावे, एवढीच अपेक्षा आहे. जवळचे ठिकाण म्हणून सर्वांत आधी पन्हाळा सुचला, पण वाघबीळपासून वरची चढण आणि रत्नागिरी रस्त्यावरची वाहतूक पाहता मन धजावत नाही. मार्ग कोणता निवडावा, तंबू कोठे ठोकला तर कोणाचा आक्षेप येणार नाही, थंडीसाठी किती तयारी लागेल आणि या दिवसांत विशेष काय सांभाळावे, हे लहान मुलांना घेऊन प्रत्यक्ष गेलेल्यांनी कृपया सांगावे.

भोगावतीकाठ

पन्हाळ्याबद्दलची तुमची शंका रास्त आहे. अंतर जेमतेम वीस किलोमीटर असले, तरी कोल्हापूरपासून गडापर्यंत सुमारे चारशे मीटर चढावे लागते आणि त्यातला बराच भाग शेवटच्या टप्प्यात येतो. बिनगिअरच्या सायकलवर मुले ती चढण चालतच पार करतील, त्याला हरकत नाही. अधिक काळजी उतरतीची आहे. लहान सायकलींचे ब्रेक सलग घाटउतारासाठी केलेले नसतात, आणि मुलांची बोटेही सारखी ब्रेक दाबून दमतात. शिवाय पन्हाळा हे संरक्षित स्मारक आहे. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून त्याला जागतिक वारशाचा दर्जाही मिळाला. तेथे तटाच्या कडेला मनाला येईल तसा तंबू ठोकणे योग्य नाही. पन्हाळ्यावर राहायचे असेल तर खोली घेऊन राहावे.

माझी सूचना राधानगरी रस्त्याची आहे, मात्र राधानगरीपर्यंत जाण्याची नाही. फुलेवाडीच्या किंवा कळंब्याच्या बाजूने, जी वाट कमी गर्दीची वाटेल तिने, शहराबाहेर पडावे आणि हळदी-परिते परिसरात वीस-बावीस किलोमीटरांवर थांबावे. रस्ता भोगावतीच्या खोऱ्यातून जातो, त्यामुळे मोठी चढण लागत नाही. दहा वर्षांच्या मुलाला घेऊन निघालात की थांबे धरून ताशी आठ-दहा किलोमीटरांपेक्षा अधिक वेगाचा हिशेब करू नये. म्हणजे सकाळी साडेसातला निघून दुपारच्या जेवणाला तुम्ही आरामात पोहोचता आणि उजेडात तंबू लावायला पुरेसा वेळ हाताशी राहतो. पुढे राधानगरी धरण पाहायची मुलांची इच्छा असेल, तर दुसऱ्या दिवशी टेम्पोने जाऊन यावे. राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेले ते धरण आणि त्याचे आपोआप उघडणारे सात दरवाजे मुलांना जवळून समजावून सांगण्यासारखे आहेत. त्यापलीकडे दाजीपूरचे अभयारण्य आहे. तेथे वनखात्याच्या परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही आणि स्वतःचा तंबू लावून राहण्याचा तर विचारही करू नये.

आता तंबूची जागा. ओळखीच्या शेतकऱ्याचे शिवार यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही, आणि कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाचा करवीर किंवा राधानगरी तालुक्यात एकही पाहुणा नाही, असे सहसा घडत नाही. भाताची कापणी होऊन मोकळे पडलेले खाचर सर्वांत उत्तम, कारण जमीन सपाट आणि कोरडी असते आणि धसकटे मऊ असतात. तोडलेल्या उसाचे रान मात्र टाळावे. उसाचे बुडखे टोकदार असतात आणि तंबूचे बूड एका रात्रीत फाटते. उभ्या उसाला लागूनही मुक्काम करू नये. आपल्याकडे उसात बिबट्यांचा आसरा असतो आणि डोंगराकडच्या गावांत गवेही रात्री पिकात उतरतात.

एक गोष्ट मालकाला आवर्जून विचारावी, ती म्हणजे रात्री पाणी कोठे सोडायचे आहे. शेतीपंपांची वीज अनेकदा रात्रीची असते. वीज आली की गडी मोटर सुरू करतो आणि अंधारात कोणाचा तंबू कोठे आहे हे पाटाच्या पाण्याला कळत नाही. शेजारच्या रानाची पाण्याची पाळी असेल तर तेही आधी समजून घ्यावे.

थंडीचे म्हणाल, तर कोल्हापुरात पारा फार खाली जात नाही, पण नदीकाठच्या सखल रानात पहाटे शहरापेक्षा निश्चितच अधिक गारठा असतो, कारण थंड हवा खाली उतरून साचते. त्यामुळे पाण्यालगतची जागा न घेता थोडी उंचावरची घ्यावी. अंगावर कितीही पांघरले तरी खालून येणारी थंडी माणसाला झोपू देत नाही. तंबूखाली भाताच्या पिंजराचा, म्हणजे वाळलेल्या काडाचा, वीतभर थर द्यावा, आत जाड सतरंजी आणि तिच्यावर घोंगडे अंथरावे. सासूबाईंसाठी हे विशेष करावे. सकाळी तंबू आतून ओला दिसला तर तो गळतो असे समजू नका. माणसांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर जमते. वरची जाळीची खिडकी उघडी ठेवली तर ओल बरीच कमी होते. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी तंबूत कधीही घेऊ नये. बंद जागेत कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

शिरोळचा वाटसरू

वरील सूचनेशी सहमत आहे, तरीही पूर्वेकडचा एक पर्याय मांडतो, कारण चढ-उताराची भीती असलेल्यांसाठी आमच्या शिरोळ तालुक्यासारखी सपाट जमीन जिल्ह्यात दुसरीकडे नाही. कोल्हापूर-सांगली रस्त्यावर मुलांना सायकल चालवायला लावू नका. तुमच्याकडे टेम्पो आहेच, तर सायकली त्यात घालून नृसिंहवाडीपर्यंत या आणि तेथून कुरुंदवाडमार्गे खिद्रापूर असा साधारण वीस किलोमीटरांचा टप्पा सायकलने करा. मुक्कामासाठी वाडीत भक्तनिवास आहेत. तंबूची हौस राहून जाईल, हे मान्य आहे, परंतु सासूबाईंना कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्तदर्शन घडेल आणि मुलांना बासुंदी व कवठाची बर्फी मिळेल.

खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर मुलांना घाईने दाखवू नये. शिलाहारांच्या काळातील या मंदिरासमोर नंदी नाही. समोर उभा आहे तो स्वर्गमंडप, त्याचे छत मध्यभागी गोल उघडे आहे आणि त्याच्या बरोबर खाली तेवढ्याच घेराची गोल शिळा आहे. त्या शिळेवर उभे राहून वर पाहिले की खांबांच्या वर्तुळातून केवळ आकाश दिसते. बाहेरच्या बाजूने मंदिराला प्रदक्षिणा घालताना पायथ्याचा हत्तींचा थर पाहावा. प्रत्येक हत्तीची ठेवण निराळी आहे आणि मुले त्यातच रमतात. त्रिपुरारी पौर्णिमेला खिद्रापुरात आणि दत्तजयंतीला वाडीत मोठी गर्दी होते, तुम्ही जानेवारीत येत असल्याने ती अडचण नाही.

राजारामपुरीकर

दोघांचेही मनापासून आभार. खिद्रापूर आम्ही पुढच्या खेपेसाठी राखून ठेवतो, कारण या वेळी मुलांनी तंबूचा हट्ट धरला आहे. हळदीच्या बाजूला माझ्या मावसदिरांची शेती आहे, त्यांच्याशी बोलणे झाले आहे आणि खाचर मोकळे आहे. एक शंका उरते. साखर कारखान्यांचा हंगाम जोरात असताना त्या रस्त्यावर मुलांना नेणे कितपत सुरक्षित आहे?

पंचगंगेपलीकडे

हा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरे झाले. आपल्या जिल्ह्यात हिवाळ्यातील सायकलस्वाराने थंडीपेक्षा उसाच्या वाहतुकीचा विचार आधी केला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि परिते येथे कारखाना असल्याने तुमच्या मार्गाला तर ते पूर्णपणे लागू पडते.

ट्रॅक्टरला एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉली भरल्या की ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो आणि मागची ट्रॉली खड्ड्यावर हेलकावे खाते. चालकाला मागचे काही दिसत नाही. टेप मोठ्याने लावलेला असेल तर सायकलची घंटाही ऐकू जात नाही. अनेक ट्रॉल्यांच्या मागे दिवा किंवा लाल परावर्तकसुद्धा नसतो, त्यामुळे अंधारात उभी ट्रॉली अगदी जवळ जाईपर्यंत उमगत नाही. म्हणून पहिला नियम असा, की डांबरी रस्त्यावर फक्त लख्ख उजेडात राहावे. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाच्या आसपास मावळतो. नदीकाठी धुके असेल तर ते विरेपर्यंत घरातच चहा घेत बसावे, आणि संध्याकाळी पाचनंतर कोणीही सायकल रस्त्यावर काढू नये, मग दुकान कितीही जवळ असो.

ट्रॉली समोरून किंवा मागून येताना दिसली की सर्वांनी सायकलवरून उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहावे. मुलांना हे घरून निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे, म्हणजे रस्त्यात ओरडावे लागत नाही. ट्रॉलीच्या मागे चिकटून चालवणे आणि तिला ओलांडण्याचा प्रयत्न करणे दोन्ही टाळावे. सर्वांत पुढे एक मोठे माणूस, मध्ये मुले आणि सर्वांत मागे दुसरे मोठे माणूस अशी रांग ठेवावी. शेवटच्या माणसाने पिवळा किंवा नारिंगी अंगरखा घालावा आणि दिवसासुद्धा मागचा लाल दिवा चालू ठेवावा. रस्त्यावर उसाची कांडी आणि पाल्याचे तुकडे पडलेले असतात. दवाने ओला झालेला पाला फार निसरडा असतो, त्यावर ब्रेक दाबू नये.

शक्य तेथे डांबरी रस्ता सोडून पाणंद धरावी. तुमच्या मावसदिरांना गावागावांमधल्या पाणंदी नक्की ठाऊक असतील. तेथे वेग कमी होतो आणि बाभळीचे काटेही असतात, त्यामुळे मुलांच्या चाकांच्या मापाच्या जादा ट्यूब, ठिगळाचे सामान आणि पंप टेम्पोत न ठेवता स्वतःजवळ ठेवावा.

शेकोटीबद्दल एवढेच, की ती वाळलेल्या गवतापासून आणि पिंजरापासून लांब, माती उकरून केलेल्या खळग्यात करावी आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून हाताने चाचपून विझल्याची खात्री करावी. आसपासच्या मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ नाही ना, हे दिवसाउजेडी पाहून घ्यावे. धुराने त्या माशा उठतात आणि मग पळायला वाट मिळत नाही. सकाळी बूट घालण्यापूर्वी ते झटकण्याची सवय सर्वांनी लावून घ्यावी, कारण उबेसाठी विंचू आत शिरतो.

राजारामपुरीकर

आपल्या सर्वांच्या उत्तरांमुळे आमचा बेत निश्चित झाला आहे. शनिवारी धुके निवळल्यावर निघून हळदीला मावसदिरांच्या रानात मुक्काम करू, पाण्याची पाळी कोणत्या रात्री आहे ते त्यांनी आजच विचारून ठेवले आहे. पुढच्या आठवड्यात गच्चीवर एक रात्र तंबू लावून पाहणार आहोत, म्हणजे कोणाला किती पांघरूण लागते ते आधीच कळेल. भोगावतीकाठ यांना शेवटचे विचारते, रविवारी सकाळी त्या भागात गुऱ्हाळ चालू असेल का, आणि मुलांना जवळून पाहू देतात का?

भोगावतीकाठ

हंगामात गुऱ्हाळ सहसा रविवार पाळत नाही. तुमच्या मावसदिरांकडून आदल्या दिवशी निरोप द्यावा आणि पहिले आदण, म्हणजे रसाचा पहिला घाणा, उतरायच्या वेळेस, सकाळी लवकर, चालत जावे. काईल, म्हणजे रसाची मोठी कढई, उकळत असताना मुलांना तिच्याखालच्या चुलवाणापासून आणि काईलीच्या काठापासून लांब उभे करावे, कारण उकळत्या रसाचा शिंतोडा खोल भाजतो. भेंडीचे पाणी घातल्यावर रसावर काळपट मळी तरंगून येते आणि गडी ती झाऱ्याने काढून टाकतात. रस आटत जाऊन सोनेरी होऊ लागला की गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पाण्यात थेंब टाकून गोळी होते का ते पाहतो. तो क्षण मुलांना नक्की दाखवायला सांगा, बहुतेक गुळवे आनंदाने दाखवतात. काईल वाफ्यात, म्हणजे गूळ थंड करायच्या हौदात, ओतल्यावर मात्र कोणालाही मध्ये जाऊ देऊ नये.

काकवी न्यायची असेल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा बरोबर ठेवा. ती गरम असताना प्लॅस्टिकच्या बाटलीत भरू नका, बाटली वितळते. आणि डबा सायकलच्या कॅरिअरला न बांधता टेम्पोत सासूबाईंच्या हाती द्या.