मदत हवी आहे: गाव आणि पोडावर कचरा वेगळा करायला लोकांना कसं तयार करावं?

पांदणरस्ता:
पांढरकवड्याकडचं गाव, लोकवस्ती १४००, वर एक कोलाम पोड (कोलाम आदिवासींची वस्ती). घरोघरी हिरवी-निळी बादली वाटली. आता हिरवीत तुरीची डाळ, निळीत पाणी. घंटागाडी पोडावर चढत नाही. दवंडी झाली, भिंती रंगवल्या, तरी खर्ऱ्याच्या प्लास्टिकच्या पन्न्या अन् गुटख्याच्या पुड्या उकिरड्यात, तिथून शेणखतासोबत वावरात. नाडेप टाकी (भिंतीत भोकं ठेवलेली खताची टाकी) बांधली, पण तिचा वास मारतो. लोकांना नेमकं काय सांगावं, कोणी सांगावं, टाकीचं काय करावं?

उकिरडा_ते_वावर:
भाऊ, "ओला-सुका" बाजूला ठेवा. ज्यांच्याकडे ढोरं आहेत त्यांची शिळी भाकर अन् साली तशाही गोठ्यात जातात. मागणं एकच ठेवा: पन्नी उकिरड्यात नको. बादलीऐवजी खताची धुतलेली चुंगडी (रिकामं पोतं) दाराआड खुंटीला टांगा. बादलीचा दुसरा उपयोग होतो, टांगलेल्या चुंगडीचा होत नाही.

भाषण नको. उकिरड्यातलं एक घमेलं खत लोकांसमोर चाळा. चाळणीवर पन्न्यांचा गुंता उरतो, बोलायची गरजच पडत नाही. पोळ्याच्या आठवडाभर आधी केलं तर उत्तम; पन्नी बैलाच्या पोटात अडकते, हे त्या दिवसांत जास्त मनावर घेतात. कापूस वेचणी अन् तेंदूच्या दिवसांत दिवसा कोणी भेटणार नाही, संध्याकाळी जा. पोडावर कोलामी बोलणारी बचत गटातलीच बाई हवी; बाहेरच्या माणसासमोर सगळे फक्त "हो" म्हणतात.

काळी_माती:
वास येतो कारण नाडेपला कचरापेटी केलं. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडेंची ही पद्धत रोज थोडं थोडं टाकायची नाहीच. १०×६×३ फुटांची टाकी एक-दोन दिवसांत पूर्ण भरायची असते. तोवर ओलं बाजूला सोयाबीनच्या कुटारात (भुशात) घोळवून ठेवा.

आधी आतून शेणपाणी शिंपडा. मग थर: १००-११० किलो काडीकचरा ६ इंच, त्यावर १२५-१५० लिटर पाण्यात ४ किलो शेण कालवून, त्यावर ५०-६० किलो चाळलेली कोरडी माती. असे ११-१२ थर. टाकीच्या वर दीड फूट उंच झोपडीसारखा आकार द्या अन् ३ इंच मातीनं लिंपा. १५-२० दिवसांत ढीग ८-९ इंच बसतो. पुन्हा भरून लिंपा. ९० ते १२० दिवसांत खत तयार.

माती कमी पडली तर वास सुटतो. भिंतीतली भोकं बुजली तर आत हवा जात नाही, सडतं. मे महिन्यात भेग दिसली की शेणपाण्यानं लिंपा, नाहीतर वाळून काम थांबतं. पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) बोटभर तुकडे करूनच टाका. अख्खी कुजत नाही, अन् बोंडांसकट रचून ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो.

पांदणरस्ता:
धन्यवाद. पन्नी जमली तर द्यायची कुठं? कबाडी घेत नाही.

उकिरडा_ते_वावर:
पुडी अन् वेफर्सच्या पाकिटाला तो भाव देतच नाही. बाटल्या, लोखंड, पुठ्ठा त्याला द्या, बाकीचं साठवा. स्वच्छ भारत ग्रामीण टप्पा २ मध्ये तालुक्याला एका प्लास्टिक केंद्रासाठी १६ लाखांपर्यंत तरतूद होती; आता काय आहे ते पंचायत समितीत विचारा अन् गाडीचा दिवस ठरवून घ्या. पाच हजारांच्या आतल्या गावाला घनकचऱ्यासाठी त्यात माणशी ६० रुपये होते, म्हणजे तुमच्या गावाला ८४ हजारांपर्यंत. चुंगड्या पावसात भिजू देऊ नका, भिजलेला माल कुणीच घेत नाही.

अन् तेरवीच्या पंगतीतल्या चकचकीत पत्रावळ्या टाकीत जाऊ देऊ नका, त्यांवर प्लास्टिकचा पापुद्रा असतो. पळसाच्या पानाच्या चालतील.