पेपर भरपूर, तरी एनआयडब्ल्यू नाकारलं?
एवढे पेपर्स, एवढी सायटेशन्स असूनही तुमच्या मित्राचं एनआयडब्ल्यू पिटिशन (नॅशनल इंटरेस्ट वेव्हर, म्हणजे राष्ट्रीय हिताच्या आधारावर नोकरीच्या ऑफरशिवाय अमेरिकन ग्रीन कार्डसाठीचा अर्ज) नाकारलं म्हणताय, तर घोळ बहुतेक पहिल्याच निकषात, म्हणजे काम राष्ट्रीय महत्त्वाचं आहे का, यात असणार. 2016 च्या धनसार निकालापासून (एनआयडब्ल्यूचे निकष यातूनच ठरले) नुसता विषय भारी असून चालत नाही, हा माणूस स्वतः नेमकं काय करणार आणि त्याचा फायदा लॅबबाहेर कुठवर पोचणार ते इमिग्रेशन ऑफिसर बघतो, त्यामुळे 'कॅन्सरवर रिसर्च करतो' एवढ्याने भागत नाही. ज्याच्या केसवर हा निकाल आला त्या खुद्द धनसारचंच बघा ना, हायपरसॉनिक प्रोपल्शनचा रिसर्च चालला पण शिकवण्याचं काम काही राष्ट्रीय महत्त्वाचं धरलं नाही (आणि त्यालाही आधी नकारच मिळालेला, अपिलात सुटला). डिनायल नोटीस नीट वाचा, कुठे अडलंय ते त्यात लिहिलेलं असतं. मग ते सुधारून सरळ नवीन आय-140 (याच पिटिशनचा फॉर्म) भरा, त्याला आडकाठी नाही.