अनुभव धागा: सिंगापूरमधले सण – कामाची माहिती

सिंगापूरला नव्याने आलेल्या मराठी मंडळींचे दर वर्षी तेच प्रश्न असतात. ज्यांना ज्या सणाची आतून माहिती आहे त्यांनी ती इथे लिहावी. 'खूप धमाल आली' छापाचं नको. काय घ्यायचं, किती, कधी निघायचं आणि कुठे घोळ होतो, एवढंच.

सुरुवात दिवाळीने करते, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच. इथली दीपावलीची सार्वजनिक सुट्टी तमिळ पद्धतीने असते, म्हणजे आपल्या नरकचतुर्दशीला. 2024 मध्ये सुट्टी 31 ऑक्टोबरला आणि महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला. 2025 मध्ये 20 आणि 21 ऑक्टोबर. म्हणजे अशा वर्षी अभ्यंगस्नान निवांत, पण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ऑफिस चालू. रजा आधीच टाकून ठेवा. सूर्योदय पावणेसातच्या आसपास होत असल्याने पहाटे चारला मुलांना उठवायची गरज नाही, हा एक फायदा.

फटाके अजिबात नाहीत. 1972 पासून बंदी आहे. फुलबाज्या चालतात आणि लिटल इंडियात मिळतात. एचडीबीच्या (सरकारी वसाहतींच्या) कॉरिडॉरमध्ये रांगोळी-पणत्या मांडताना 1.2 मीटर वाट मोकळी ठेवावी लागते, म्हणून रांगोळी भिंतीलगत आडवी पट्टीसारखी काढा. झेंडू, आंब्याची पानं, केळीची पानं बफेलो रोडला टेक्का सेंटरच्या बाजूला. आदल्या संध्याकाळी तिथे पाऊल ठेवायला जागा नसते, दोन दिवस आधी सकाळी जा.

सेरंगूनकर

थैपूसमबद्दल, म्हणजे मुरुगनच्या (कार्तिकेयाच्या) तमिळ सणाबद्दल लिहितो. इथे त्याची सार्वजनिक सुट्टी नाही (1968 पासून), मलेशियात पेनांगला मात्र आहे. मिरवणूक सेरंगून रोडच्या श्रीनिवास पेरुमाळ देवळातून टँक रोडच्या दंडायुधपाणी देवळापर्यंत, साडेतीन किलोमीटरच्या आसपास. आदल्या दिवशी चेट्टी पूसम: चांदीचा रथ केओंग साईक रोडच्या विनायकाच्या देवळापर्यंत जाऊन संध्याकाळी परततो. गर्दी नको असेल तर हा दिवस बघा.

नवस नसलेल्यालाही पाल कुडम, म्हणजे दुधाची घागर, नेता येते. तमिळ नसलेले, चिनीसुद्धा नेतात. नोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते आणि निघायची वेळ ठरवून मिळते. घागर लहान तोंडाची घ्या. दूध काठोकाठ भरू नका, चार बोटं मोकळी सोडा, वर झाकण, त्यावर पिवळं कापड आणि गळ्याशी दोरा घट्ट. दोरा सैल पडला की दूध कपाळावरून ओघळतं आणि कापड जड होऊन घसरतं. फ्रिजमधलं थंड दूध निघायच्या वेळीच भरा. टँक रोडला रांगेत बराच वेळ जातो आणि इथल्या उकाड्यात दूध नासतं.

दूधवाले मध्यरात्रीच्या सुमारास निघाले तर बरं. चालायचं अनवाणी आहे आणि दुपारी डांबर पाय भाजून काढतं. भाले टोचलेल्या मोठ्या कावड्या उजाडता उजाडता सुटतात, त्या बघायच्या तर सकाळी. वाद्यं वाटेभर वाजत नाहीत. 2016 पासून ठरावीक ठिकाणीच प्रत्यक्ष वाजवायला परवानगी आहे. तिथेच कावडी नाचतात, म्हणून गर्दीही तिथेच तुंबते. अशा दोन ठिकाणांच्या मधल्या पट्ट्यात उभं राहिलात तर जवळून दिसेल. कावडीवाल्याच्या वाटेत आडवं जाऊन फोटो काढू नका, सोबतचे लोक बाजूला सारतात आणि बरोबरच करतात.

पोमेलो

चिनी नववर्षाला कोणाच्या घरी गेलात तर दोन संत्री न्या, दोन्ही हातांनी द्या. तुम्ही निघताना यजमान दोन परत देतात. एक किंवा तीन नको. आंगबाओ (लाल पाकीट) लग्न झालेल्यांनी मुलांना आणि अविवाहितांना द्यायचं. रक्कम सम, चार टाळून; आठ सगळ्यांना आवडतो. पांढरं पाकीट चुकूनही नाही, ते मयताला देतात. पाकीट देणाऱ्यासमोर उघडायचं नाही, हे मुलांना गाडीतच बजावा.

लो हेईचं सांगते, म्हणजे सगळ्यांनी मिळून उडवायच्या कच्च्या माशाच्या कोशिंबिरीचं; ऑफिसात प्रत्येकाला एकदा तरी करावंच लागतं. मोठ्या थाळीत किसलेला पांढरा मुळा, गाजर, हिरवा मुळा असतो. क्रम असा: आधी मासा, मग पोमेलो (पपनस) किंवा लिंबू, मिरपूड आणि पाचमसाला पूड, तेल गोल फिरवून, मग शेंगदाण्याचा कूट, तीळ, शेवटी कुरकुरीत तुकडे आणि प्लमचं सॉस. प्रत्येक घटकाला एक शुभवाक्य असतं, ते म्हणणारा कोणीतरी सापडतोच. सॉस आधी ओतलं की तुकडे दोन मिनिटांत मऊ पडतात आणि सगळ्याचा लगदा होतो. चॉपस्टिक्सनी उंच उडवायचं, जितकं उंच तितकी भरभराट, म्हणून टेबलाखाली आणि मांडीवर कागद हवा. शाकाहारी थाळी मिळते, पण दोन दिवस आधी सांगावी लागते. नाहीतर कच्चा सामन सगळ्यांत मिसळून मोकळे होतात.

आणि हो, पहिले दोन दिवस भाजीबाजार, हॉकर सेंटर (खाण्याच्या टपऱ्यांची मंडई) बहुतेक बंद. कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता आधी भरा.

भाजीवाली

हरी रायाला, म्हणजे इथल्या मलय लोकांच्या ईदेला, बोलावणं आलं तर शाकाहार्‍यांसाठी एक सूचना. सायुर लोदेह दिसायला नुसती नारळाच्या दुधातली भाजी, पण वाटणात बहुधा सुकी कोळंबी असते. लोंतोंगवरचा (दाबून उकडलेल्या भाताच्या वड्यांवरचा) रस्साही तोच. 'उडांग (कोळंबी) आहे का?' असं सरळ विचारा, कोणी वाईट वाटून घेत नाही. केतुपात मात्र बिनधास्त घ्या. केतुपात म्हणजे नारळाच्या पात्यांच्या विणलेल्या पुडीत उकडलेला भात. पुडी साधारण अर्धी भरायची आणि चार-एक तास पाण्याखाली ठेवायची. जास्त भरली तर भात आत कच्चा राहतो, कमी भरली तर गिळगिळीत होतो. पाणी आटलं की वरच्या पुड्या वाया.

जाताना हलाल शिक्का असलेला खाऊ न्या. घरी केलेले चकली-लाडू नेण्याआधी साजूक तुपात आहेत हे सांगा, लोकांना ऐकून बरं वाटतं. गेलांग सेराईचा बाजार रमजानभर असतो, इफ्तारनंतर रेटारेटी. दुपारी जा.

दुसरा मजला

सातव्या चिनी महिन्यातला भुकेल्या भुतांचा सण. ह्या महिन्यात खालच्या मजल्यावाल्यांनी कपडे संध्याकाळी आत घ्यावेत, भुतांसाठी कागद जाळल्याची राख वर येते. जाळण्यासाठी लोखंडी पिंपं ठेवलेली असतात, तरी काही जण गवतावर जाळतात. फुटपाथवर मांडलेल्या अन्नावरून, उदबत्त्यांवरून उडी मारून जाऊ नका, वळसा घाला. गेताईच्या (ह्या महिन्यातल्या गाण्यांच्या कार्यक्रमाच्या) मांडवात पहिली ओळ रिकामी दिसली तर तिथे बसू नका, ती पाहुण्यांची आहे. कोणते पाहुणे ते कळलंच असेल.

सेरंगूनकर

आणखी एक सण: दिवाळीच्या साधारण आठवडाभर आधी साउथ ब्रिज रोडच्या मारिअम्मन देवळात तिमिती असते, द्रौपदीअम्मनसाठी निखाऱ्यांवरून चालणं. निखारे ओलांडल्यावर पुढे दुधाचा खड्डा असतो, त्यात पाय जातात. इथे फक्त पुरुष चालतात. देऊळ 1827 चं, जागा चिमुकली. आतून बघायचं तर लवकर जा.

पोमेलो

मूनकेक राहिला, म्हणजे चिनी मध्य-शरद सणाचा गोड केक. लोटसच्या (कमळाच्या बियांच्या) सारणाचे पारंपरिक केक घेताना डुकराची चरबी आणि खारवलेलं अंडं, दोन्ही विचारा. 'हलाल' लिहिलं की चरबीचा प्रश्न मिटतो, अंड्याचा नाही. एका केकचे आठ तुकडे करायचे आणि बिनसाखरेच्या चहाबरोबर खायचे. अख्खा एकट्याने संपवायचा पदार्थ नाही तो.